सुरासाठी दहापैकी सहा

शोभा पाटणकरांनी पनवेलच्या शाळेत एकतीस वर्षं गाणं शिकवलं. निवृत्तीनंतर त्या सुकापूरला एकट्याच राहत. वर्षातून एकदा आंतरशालेय समूहगान स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावणं येई. गाण्याशी तेवढाच संबंध उरला होता. त्यामुळेच वर्षभरात कानांनी दगा दिल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. जवळून, मोठ्याने बोललेलं कळे. सूर मात्र फाटके, गढूळ वाटत.

यंदा पहिल्या चार संघांना त्यांनी मुलांच्या चेहऱ्यांकडे बघून गुण दिले. मग विचुंब्याच्या शाळेच्या मुली उभ्या राहिल्या. मध्येच तबला थांबला, पेटी थांबली आणि मुली साथीशिवाय गाऊ लागल्या. शोभाबाईंच्या कानात नुसती घरघर. समोर बावीस तोंडं उघडत-मिटत होती. त्या पुढे वाकल्या, डोळे मिटले, देवाला विनवलं. काही नाही. डोळे उघडले तेव्हा मुली नमस्कार करत होत्या. सुराच्या रकान्यात त्यांनी सहा लिहिले.

विचुंब्याचा पहिला नंबर दोन गुणांनी हुकला. मुलींची शिक्षिका चारुता गुणपत्रिका घेऊन आली.

"बाई, सुराला सहाच? दुसऱ्या परीक्षकांनी नऊ दिलेत. कुठे घसरलो तेवढं सांगा. पोरी रडतायत."

"छान बसवलं होतंस गं."

"मग चुकलं कुठे?"

शोभाबाईंना काहीतरी ठोकून देता आलं असतं.

"चुकलं नाही. मला ऐकूच आलं नाही. कुणाचंच."

चारुताने विचारलं, "मग या खुर्चीत बसलात कशाला?"

शोभाबाई स्वतःच आयोजकांकडे गेल्या. त्यांचे गुण रद्द झाले, निकाल पुन्हा जाहीर झाला. विचुंबं पहिलं आलं. पण आधी जिंकलेल्या संघाचे फोटोसुद्धा काढून झाले होते. त्यांची म्होरकी, सातवीतली रेवा, ढाल छातीशी धरून बसली, सोडेचना. शोभाबाई तिच्यासमोर खाली बसल्या.

"म्हणजे आम्ही चांगलं गायलोच नव्हतो?" रेवाने ओरडूनच विचारलं.

"मला नाही माहीत, बाळा. खरंच नाही माहीत."

रेवाने ढाल जमिनीवर ठेवली आणि आईकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी शोभाबाई कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. यंत्राने बोलणं बरंचसं ऐकू येईल, ते म्हणाले. गाण्याचं विचारल्यावर त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.