पुठ्ठ्यामागची फुंकर

तिचं नाव मतदारयादीत वाचलं होतं, पण विसरलो. फुंकर तेवढी लक्षात राहिली.

जामखेडकडच्या एका शाळेत मी केंद्राध्यक्ष होतो. तेव्हा कागदावर शिक्का मारून मत द्यायचं. भर दुपारी एक म्हातारी मतपत्रिका घेऊन पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली ती येईचना. रांग खोळंबली. दारातून तिचा नवरा ओरडला, "अगं, सांगितलेल्या चित्रावर मार अन् ये की!"

"ओ बाबा, गप्प बसा! मत कुणाला, हे इथं कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही!" सकाळपासून हेच ओरडून माझा घसा बसला होता.

पुठ्ठ्यामागून फू फू ऐकू आलं.

"आजी, काय चाललंय?"

"शाई वाळवतीय. दुसऱ्या चित्राला लागली तर मत बाद व्हईल न्हवं?"

मी कपाळाला हात लावला. अखेर पदर दातात धरून ती आली, घडी पेटीत टाकली आणि पेटीला हळूच थोपटलं. दारात नवऱ्यानं विचारलंच, "कुनाला मारला?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. "इचारायचं न्हाई. सायबानी आत्ताच सांगितलंय."

दिवसभर घसा फोडला, ऐकलं ते एकट्या तिनं. आणि म्हातारा डोळे वटारून बघत होता तो माझ्याकडं.