दोन साखळ्यांचा हिशोब

आम्ही ज्याला वीतभर म्हणायचो, तो क्रेन चालवायचा. मी खाली साखळी लावायचो. वजन जमिनीपासून वीतभर उचलायचं, थांबायचं, साखळी नीट बसली का बघायचं, मगच वर न्यायचं. ही पद्धत सगळ्यांना शिकवतात. पाळणारा तो एकटा. त्यावरूनच त्याचं नाव पडलं. घाईतले लोक खालून ओरडत, "ए वीतभर, संध्याकाळपर्यंत उचलशील ना?" वरून उत्तर यायचं, "तू त्याच्याखाली उभा राहतोस का? मग लगेच उचलतो." तो क्रेनवर असताना कुणाचं बोटसुद्धा चेपलं नाही.

मग त्याला क्रेनच्या केबिनमध्ये कुणीतरी बोललेलं ऐकू यायला लागलं. मशीन बंद असतानाही. साखळी निसटतेय, असं तो आवाज सांगायचा. हा खाली उतरायचा, साखळी चाचपायचा, परत चढायचा. शेवटी वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गोळीने आवाज मावळला. तो कामावर आला, पण जमिनीवर. हत्यारांच्या खोलीत पाने-हातोडे पुसत बसायचा आणि मान वर करून क्रेनकडे बघायचा. पुन्हा केबिनमध्ये बसायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बाई म्हणाल्या होत्या, तब्येत टिकली तर बघू.

टिकली नाही. झोप उडाली, जेवण सुटलं, बोलणं आटलं. बाईंनी उदासीवरची, झोप आणणारी दुसरी गोळी जोडली. त्याआधी हृदयाचा आलेख काढून बघितला. वहिनीसमोर बजावलं, "पहिली आहे तशीच चालू ठेवायची. ही थोडीच देतेय, झोपताना घ्यायची. दोन्ही मिळून सुस्ती आणतात, उठताना चक्कर येते. झटकन उभं राहायचं नाही. दारू नाही. सर्दीचं औषधसुद्धा मला विचारून. धडधड झाली, भोवळ आली, तर लगेच या. आणि उंचावर चढायचं नाही."

झोप लागायला लागली. पण सकाळी डोकं भिजल्या पोत्यासारखं जड. अशा माणसाला क्रेन कोण देणार? त्याने आमच्या धंद्यातला हिशोब लावला. एका साखळीच्या जोडीला दुसरी लावली की भार वाटला जातो; मग पहिली बारीक असली तरी चालते. तो जुनी गोळी मोडून अर्धीच घ्यायला लागला. कुणाला बोलला नाही. सुस्ती कमी झाली. एकदा हसलासुद्धा. वहिनी मला म्हणाली, "भावजी, माझा माणूस परत आला हो."

एका जेवणाच्या सुट्टीत तो क्रेनच्या शिडीपाशी उभा दिसला. क्रेन बंद होती, हूक रिकामा.

"वजन लटकतंय," तो म्हणाला. "तो केव्हाचा सांगतोय."

"कोण सांगतोय?"

तो शिडी चढायला लागला. अर्ध्या वाटेत त्याचे हात सैल पडले, चेहरा पांढराफटक. मी मागून चढून त्याच्या पायाखाली खांदा दिला. खाली ये म्हटलं, तर ऐकेना. मग म्हटलं, "वीतभर खाली घे. थांब. बघ. आता अजून वीतभर." हे मात्र त्याने ऐकलं. तसेच उतरलो, पायरी पायरी करत.

दवाखान्यात त्याने सगळा हिशोब सांगून टाकला. वहिनी भडकली. "गोळ्या काय साखळ्या आहेत? विचारायला तोंड शिवलं होतं?"

बाई चिडल्या नाहीत. "त्या भार वाटून घेत नाहीत. दोघींची कामं वेगळी आहेत. सकाळी जड वाटतंय एवढं मला सांगितलं असतं, तर मी वेळ बदलली असती, मात्रा बदलली असती. कमीजास्त करायचं ते मी करायचं."

 तो म्हणाला, "म्हणजे ती दुसरी साखळी नाही. तोल धरायची दोरी आहे." वजन गरगरू नये म्हणून बाजूने बांधतात ती. भार घेत नाही.

"तसंच समजा."

बाईंनी त्याला बसवून रक्तदाब घेतला, मग उभं करून पुन्हा घेतला. जुनी गोळी हळूहळू पूर्ववत करायची ठरली. निघताना त्याने विचारलं, "आणि केबिन?"

"नाही."

"यंदा नाही?"

बाईंनी वहिनीकडे बघितलं. "केबिन डोक्यातून काढून टाका."

त्याने मान हलवली. वजन उतरवून झाल्यावर खालून हात दाखवला की हलवायचा, तशीच.

आवाज गेला. त्याच्याबरोबर बरंच काही गेलं. नवा क्रेनवाला वजन एका दमात वर नेतो, मध्ये थांबत नाही. मी वीतभरला हे सांगितलं नाही. त्यानेही कधी विचारलं नाही.

अधूनमधून सकाळी मी त्याच्या घरी जातो. तो पलंगाच्या कडेला, पाय जमिनीवर टेकवून बसलेला असतो, बाईंनी सांगितलंय तसा. वहिनी आतून विचारते, "उचललं का वजन?"

"थांब. बघतोय."

आधी ती हसायची. आता नुसतीच विचारते. तो भिंतीकडे बघत बसून राहतो, चक्कर नसली तरी. उठून चढायला कुठे काही उरलेलं नाही.