आरतीला एक माणूस

गुरवआप्पा देवापेक्षा माणसांच्या मागे जास्त लागत. संध्याकाळी निरांजन पेटवून ते भैरवनाथाच्या पायरीवर उभे राहत आणि रस्त्याने जाणारं कोण सापडतं ते बघत. गावातलं निदान एक माणूस समोर असल्याशिवाय आरती सुरू करायची नाही, हा त्यांचा नेम. वडिलांनी घालून दिलाय म्हणत, यापलीकडे कारण सांगत नसत.

आमचं घर मंदिराला लागून, त्यामुळे सगळ्या मांडवगणात त्यांच्या तावडीत सर्वांत जास्त सापडले ती मीच. कॉलेजात गेल्यावर मला नवं वारं लागलं होतं. आपण देव मानत नाही, असं मी एकदा ठसक्यात ऐकवलं. आप्पांनी घंटेची दोरी माझ्या हातात दिली. "तुझं मानणं-न मानणं तुझ्यापाशी ठेव. हुबी ऱ्हा." मी उभी राहिले, मनात चरफडत.

अगदीच कोणी नसलं तर समोरच्या पंक्चरच्या दुकानात रशीदभाईंना हाक जायची. ते हात पुसत येत, पायरीखाली उभे राहत आणि खडीसाखर तोंडात टाकून परत जात. कुणी कुरकुर केलीच, तर आप्पा म्हणत, मग तुम्ही येत चला. कुरकुर तिथंच थांबायची. येणं मात्र व्हायचं नाही.

पुढे रांजणगावच्या कंपनीने मला चेक देशातल्या ब्रनो शहरात पाठवलं. माझ्या खोलीसमोर मोठं दगडी चर्च होतं. रविवारी चार म्हाताऱ्या आत जात, बाकीचं शहर कुत्री फिरवायला निघे. माणसं भली. मी तापाने पडले तेव्हा शेजारीण रोज सूप घेऊन येई, पण देवाचा विषय काढला की ती हवापाण्यावर घसरे. माझ्यासारखीला खरं तर तिथं बरं वाटायला हवं. पण ते रिकामे बाक मला बघवत नसत आणि त्याचा मलाच राग येई.

व्हिडिओ कॉलवर आप्पांना हे सांगितलं, तेव्हा कलियुगावर प्रवचन ऐकायची मी तयारी ठेवली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या म्हाताऱ्या गेल्यावर तिथं कोण जाईल?" इमारतीची काळजी सरकार घेतं, मी म्हणाले. "इमारतीचं कुठं इचारलं म्या?"

त्याच वर्षी आमच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. संगमरवरी फरशी, उंच शिखर, देणगीदारांच्या पाट्या. यात्रेला पाय ठेवायला जागा नसायची आणि एरवी संध्याकाळी चिटपाखरू नाही. माणूस शोधताना आप्पांची होणारी दमछाक कमिटीच्या पोरांना बघवेना. त्यांनी नगारा, झांजा, घंटा सगळं एकदम वाजवणारं विजेचं यंत्र आणलं, त्याला टायमर लावला आणि शाल-श्रीफळ देऊन आप्पांचा सत्कार केला. आता कुणाची वाट बघायची नाही, असं मायेनं बजावलं. त्या पोरांवर मला अजून धड रागावता येत नाही.

आप्पांनी नेम सोडला नाही. पण नगारा वाजला की गावाला वाटे, झाली आरती. रशीदभाईसुद्धा शटर ओढून घरी जात. त्या गोंगाटात आप्पांची हाक रस्ता ओलांडत नव्हती. यंत्र थांबलं तरी ते निरांजन घेऊन पायरीवर ताटकळत. शेवटी त्यांनी अंथरूण धरलं आणि पूजा पुतण्याकडे गेली.

सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले. हाताची नुसती हाडं उरली होती. बोलता बोलता नगारा सुरू झाला, तसं त्यांनी माझं मनगट धरलं. "जा, बघून ये. कोण हाय?"

पुतण्या दिवा लावून कारखान्याच्या पाळीला निघून गेला होता. देवापुढे यंत्र एकटंच बडवत होतं. मी हात जोडले नाहीत, पण शेवटपर्यंत उभी राहिले.

परत आले तर आप्पा दाराकडेच बघत होते. मी होते, असं सांगितलं.

"मंग झाली," म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

ते गेल्याचं आईने फोनवर कळवलं तेव्हा मी ब्रनोत होते. खूप रडले. सगळ्या गुरव भावकीला सुतक, त्यामुळे देवळात कुणी पाऊल टाकलं नव्हतं, तरी आरती वेळेवर झाली, असं आई समाधानाने सांगत होती. मी विचारलं, कोण होतं आरतीला?

आईला माझा प्रश्नच कळेना. "कोण कशाला पायजे?" ती म्हणाली. "मशीन हाय की."