राजगिऱ्याएवढं टोक

श्रीरामपूरला डॉक्टर शांतवन आल्हाट यांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, तेव्हाची ही गोष्ट. साल १९७१. मालनबाई तिथं आया होत्या. झाडलोट, ड्रेसिंगची भांडी, सुया-सिरिंजा उकळणं, रडणाऱ्या पोराला धरणं, ही त्यांची कामं. वय चाळीसच्या आसपास, अंगानं बारीक. कपाळापासून मनगटापर्यंत गोंदण होतं, कारण त्यांची आई गोंदणारीण होती. मढीची जत्रा असो की मिरीचा बाजार, आई पाल टाकून बसायची आणि लहानपणी मालनबाई तिच्या शेजारी बसून बायकांचे हात धरायच्या. पुढं लग्न झालं, नवरा गहिनीनाथ स्टेशनवर हमालीला लागला, आणि गोंदणाच्या सुया पेटीत गेल्या.

डॉक्टर मद्रासकडून शिकून आले होते. दम्याच्या, सर्दीच्या माणसाला नेमकं काय बाधतं हे चाचणी करून शोधायची त्यांना फार हौस. दर बुधवारी ते काम चाले. दिल्लीहून बारक्या बाटल्या यायच्या. कुठल्या फुलाचे पराग, कुठं धूळ, कुठं गाईचे केस, कुठं पिसं, या सगळ्यांचे अर्क. माणसाच्या हातावर एकेक थेंब ठेवायचा, त्यातून इंजेक्शनच्या सुईनं कातडीवर ओरखडा काढायचा आणि वीस मिनिटं थांबायचं. जिथं गांध उठेल ती वस्तू त्या माणसाची वैरी. एका बैठकीला सोळा थेंब, म्हणजे सोळा ओरखडे.

डॉक्टर मनानं लोण्यासारखे, पण हात जड. ओरखडा काढला की रक्ताचा टिपका यायचाच. मग सगळीच जागा लालभडक व्हायची आणि गांध कुठली न् ओरखडा कुठला, हे डॉक्टरांनाही कळेना. लोक बुधवारला ‘सुयांचा वार’ म्हणायला लागले. मंगळवारी दवाखाना भरलेला, बुधवारी बाकडी रिकामी.

अशाच एका बुधवारी शेवगावकडचा कानिफनाथ पैलवान आला. सहा फूट उंच, मान बैलासारखी. सोबत बायको केशरबाई. दोन वर्षं झाली, पैलवानाला धाप लागायची. तालमीत उतरला की दहा मिनिटांत छाती शिट्टी वाजवायची. लोक म्हणायचे, तालमीची माती बाधते. वस्तादांनी सांगितलं होतं, एवढा एक उपाय कर, नाहीतर लंगोट खुंटीला लाव.

डॉक्टरांनी पहिला ओरखडा काढला. पैलवानानं डोळे मिटले. दुसऱ्याला त्याच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्याला त्यानं हातावरचं रक्त पाहिलं, “आई गं!” म्हणाला, आणि सदरा काखेत मारून दरवाजातून जो पळाला तो थेट एस.टी. स्टँडवर. चपला आमच्याकडंच राहिल्या. केशरबाईंनी कपाळावर हात मारला.

“फडात चार-चार गडी आडवं करत्यात, पर सुईला लई भित्यात वो,” म्हणाल्या, आणि चपला उचलून त्याही धावल्या.

मला हसू आवरेना. पण डॉक्टर उदास होऊन खुर्चीत बसले. मालनबाई टेबल पुसत होत्या. पुसता पुसताच म्हणाल्या, “सायेब, रागावणार न्हाई तर बोलू का?”

“बोला.”

“तुमी कागद फाडल्यावानी करता. आमची आय दिवसातून हजारदा टोचायची, पर बाई उठून पळाली असं कदी झालं न्हाई.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते उठून जेवायला घरी गेले. मला वाटलं, बाईंची नोकरी गेली. पण दुपारी ते परत आले ते बाही वर करूनच.

“दाखवा बरं, तुमची आई कसं करायची.”

मालनबाईंनी आधी हात साबणानं धुतले. सुई उकळून घेतली, उकळलेला दोरा चिमट्यानं तिला गुंडाळला, अगदी शेवटापर्यंत. फक्त टोक उघडं ठेवलं. डॉक्टरांच्या हातावर नुसत्या मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला, डाव्या अंगठ्यानं कातडी ताणली, सुई उभी धरली आणि टेकवून उचलली.

“सुईला पोटभर जेवू द्यायाचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “येकच घास. दोऱ्याला कातडी लागली की समजायचं, बास. रगात दिसलं की आय माझ्या बोटावर चापट मारायची.”

डॉक्टर भिंग घेऊन आपलाच हात बघत होते. रक्ताचा मागमूस नव्हता. “रंगनाथ,” मला म्हणाले, “हात पुढं कर.” दुसरी उकळलेली सुई घेऊन मलाही टोचलं. मुंगी चालून गेल्यासारखं वाटलं, एवढंच.

त्या दिवसापासून दोघांना एकच ध्यास लागला. दोरा चालण्यासारखा नव्हता. उकळला की फुगायचा, सैल व्हायचा, आणि त्यात अर्क मुरून राहायचा. दोऱ्याच्या जागी धातूचं काहीतरी हवं, एवढं मालनबाईंनी ओळखलं. आमच्या दवाखान्यापासून चार दुकानं सोडून सूर्यभान घड्याळजी बसायचे. बाई सुया घेऊन त्यांच्याकडं गेल्या.

“दादा, हिच्या गळ्यात पितळंचा मणी बसवून द्या. मन्याच्या खाली टोक एवढंच दिसलं पायजे.”

“एवढंच म्हणजे केवढं?” सूर्यभाननी डोळ्यावरची काच न काढता विचारलं.

इथंच सगळं अडलं. केवढं, हे कुणालाच सांगता येईना. मग आम्ही मापं ठरवली. एक टोक तांदळाच्या कणीएवढं, एक राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, एक खसखशीएवढं. तिन्हींच्या सुया सूर्यभाननी बनवल्या आणि आठवडाभर आम्ही एकमेकांना टोचत बसलो. कणीनं रक्त यायचं. खसखशीनं कातडीच फुटायची नाही. राजगिरा मात्र बरोबर उतरला. पहिल्या मण्याची कड धारदार होती, ती हातावर गोल वळ उठवायची. बाईंनी ती सुई परत नेली आणि कड घासून गुळगुळीत करून आणली.

आमचे हात ठिपक्यांनी भरून गेले. गहिनीनाथनं बायकोचा हात पाहून विचारलं, “ह्या वयात गोंदवून आलीस व्हय? माझं नाव तरी घातलं का न्हाई?” बाईंनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा डॉक्टर इतके हसले की त्यांचा चष्मा पडला.

पण बाईंचं समाधान होईना. “सोळा बार टोचायचं म्हंजी मानूस सोळा बार भितो,” त्या म्हणाल्या. “सुईपरीस वाट बघणं वाईट. चार येकदम टोचल्या तर चार बारीत काम उरकंल.”

सूर्यभाननी पितळी पट्टीत चार सुया रांगेनं बसवून दिल्या, प्रत्येकीत दोन बोटांचं अंतर, म्हणजे एक थेंब दुसऱ्यात मिसळायला नको. वर धरायला मूठ. दिसायला ते छान होतं, पण कामाला येईना. माणसाचा हात काही पाट नव्हे. बारीक हातावर दोन सुया टेकायच्या, दोन अधांतरी राहायच्या. टेकवायला जोर लावला की टेकलेल्या सुयांचे मणी कातडीत रुतायचे. पट्टी वाकवून पाहिली, पण प्रत्येकाच्या हाताला वेगळा बाक. महिना असाच गेला. सूर्यभान वैतागून म्हणाले, “बाई, मला घड्याळं दुरुस्त करू द्या की.”

ते दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनाला पेटी वाजवायचे. मालनबाईही जायच्या. एका गुरुवारी ऐन भजनात त्या उठल्या आणि पेटीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसल्या. सूर्यभानच्या बोटांकडं टक लावून बघायला लागल्या. एक पट्टी दाबली की तीच खाली जाते, शेजारच्या जागेवर राहतात, बोट उचललं की ती आपोआप वर.

“दादा, थांबा!” बाई ओरडल्या. टाळ थांबले, मृदंग थांबला. “सुया पट्टीत आवळायच्याच न्हाईत! सैल सोडायच्या. जिची तिनं खाली जायाचं!”

भजनी मंडळ एकमेकांकडं पाहत राहिलं. सूर्यभान आधी चिडले, मग पेटीच्या पट्टीवर बोट ठेवून दोन-तीनदा दाबलं आणि म्हणाले, “आधी भजन पुरं होऊ द्या.” पण त्या रात्रीचं उरलेलं भजन त्यांनी भलत्याच घाईत उरकलं.

शनिवारपर्यंत नवं हत्यार तयार झालं. पट्टीला चार भोकं, भोकांत सैल सुया, आणि प्रत्येक सुईच्या डोक्यावर बॉलपेनात असते तसली पण अगदी मऊ स्प्रिंग. हातावर टेकवलं की प्रत्येक सुई आपल्यापुरती कातडी शोधायची आणि मण्यावर थांबायची. सगळं सुटं करून उकळता यायचं. एक सुई एकाच अर्काला, आणि माणूस बदलला की सुया दुसऱ्या.

हात ठेवायला बाईंनी मांजरपाटाची उशी शिवली आणि तिच्यात बाजरी भरली. हात तिच्यात अलगद रुतून बसायचा, हलायचा नाही, थेंब ओघळायचे नाहीत. पहिल्या बुधवारी मात्र जो येईल तो शिंकायला लागला. डॉक्टर चक्रावले. तासाभरानं बाईंच्या ध्यानात आलं, बाजरीचा भुसा उडतोय! उशी उसवून त्यांनी प्रवरेची धुतलेली वाळू भरली आणि वर रबरी कापडाची खोळ घातली.

आता पैलवानाला आणायला हवं होतं. डॉक्टरांनी पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. मालनबाई म्हणाल्या, “पत्रानं मानूस येत न्हाई,” आणि मला सोबत घेऊन नेवाशावरून एस.टी.नं शेवगावला निघाल्या. पैलवान तालमीबाहेर ओट्यावर बसला होता. बाईंना पाहताच उठायला लागला.

“बसा पैलवान. टोचायला न्हाई आले, दाखवायला आले.”

त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या हातावर ते टेकवून दाखवलं. वस्ताद पुढं आले. पांढऱ्या मिशांचा तो म्हातारा वाकून बघत म्हणाला, “मला लाव गं पोरी.” बाईंनी डब्यातून उकळलेल्या दुसऱ्या सुया काढून बसवल्या आणि टेकवल्या. “ह्याला टोचणं म्हंत्यात?” वस्ताद गरजले. “कानिफ्या, तुला लाज वाटती का न्हाई?”

पुढच्या बुधवारी कानिफनाथ केशरबाईंना घेऊन आला. वाळूच्या उशीवर हात ठेवला, डोळे गच्च मिटले, दात आवळले. मालनबाईंनी केशरबाईंशी ज्वारीच्या हुरड्याचं बोलणं काढलं आणि बोलता बोलता, दर वेळी नव्या सुया बसवत, चार वेळा हत्यार टेकवलं. बऱ्याच वेळानं पैलवान पुटपुटला, “बाई, टोचा की आता. किती येळ ताटकळायचं?”

“झालं की कवाच! सोळाच्या सोळा झाल्या.”

पैलवानानं एक डोळा उघडून हाताकडं पाहिलं. रक्त नाही, काही नाही. मग दुसराही डोळा उघडला, आणि इतका मोठ्यानं हसला की बाहेरच्या बाकड्यावरची माणसं आत डोकावली.

वीस मिनिटांनी डॉक्टर मोजपट्टी घेऊन बसले. नुसत्या सुईनं काय होतं ते कळावं म्हणून ठेवलेल्या मिठाच्या पाण्याची जागा स्वच्छ. धुळीची जागा स्वच्छ. तालमीची माती डॉक्टरांनी मुद्दाम मागवून तिचाही अर्क केला होता, तीही जागा स्वच्छ. फक्त एका जागी चार आण्याएवढी टरटरीत गांध.

“पिसं,” डॉक्टर म्हणाले. “घरी कोंबड्या आहेत?”

केशरबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. “कबुतरं हायती. चाळीस. झोपायच्या खोलीतच खुराडं हाय. तालमीला जायाच्या आदी रोज तासभर त्यांच्यात असत्यात.”

तेव्हा मात्र पैलवान रडला. फडात भल्याभल्यांना लोळवणारा तो दांडगा गडी कबुतरांसाठी डोळे पुसत होता. मालनबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

कबुतरं जामखेडच्या मेहुण्याकडं पाठवली. तिसऱ्या दिवशी त्यातली एकोणीस उडत परत आली! शेवटी खुराडं मोडलं, खोली शेणानं सारवून काढली, आणि परत आलेल्या कबुतरांना गावाबाहेरच्या एका देवळाच्या कमानीत जागा दिली. पैलवान लांबून दाणे टाकून यायचा. दोन महिन्यांत छातीची शिट्टी थांबली. चैत्रातल्या जत्रेत तो फडात उतरला. मी बघायला गेलो होतो. कुस्ती निकाली झाली नाही, पाऊण तासानं बरोबरीत सोडवली. पण पाऊण तास! पंच हात सोडवायला गेले तर हा म्हणतो, “अजून दम हाय माझ्यात.” पागोट्यांनी फड भरून गेला होता, आणि त्या सगळ्या पागोट्यांनी आरोळी ठोकली.

बुधवारची बाकडी भरू लागली. टोचायचं काम डॉक्टरांनी मालनबाईंकडंच सोपवलं, ते फक्त मोजायचे. इंजेक्शनची एक सिरिंज भरून जवळ ठेवायचे, एखाद्याला जास्तच बाधलं तर असावी म्हणून. पुढच्या वर्षी पुण्याला डॉक्टरांची बैठक होती, तिथं त्यांनी हत्यार दाखवायला नेलं आणि सोबत मालनबाईंना व मलाही नेलं. नऊवारी नेसून बाई त्या सुटाबुटातल्या लोकांपुढं उभ्या राहिल्या. एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, “बाई, टोकाचं माप तुम्ही कशावरून ठरवलंत?”

“राजगिऱ्यावरून,” बाई म्हणाल्या.

लोक हसले. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, “हसा, पर हात पुढं करा.” आणि एकामागून एक बाह्या वर गेल्या. नाशिक-सोलापूरपर्यंतच्या डॉक्टरांनी तिथंच मागणी नोंदवली, आणि सूर्यभाननी पुढं तसली सोळा हत्यारं बनवली.

परतीच्या गाडीत डॉक्टर खुशीत होते. त्या हत्याराला काय नाव द्यावं याचा विचार करत होते. दौंडपर्यंत त्यांनी तीन इंग्रजी नावं काढली आणि तिन्ही बाईंना म्हणून दाखवली. मालनबाई खिडकीपाशी बसून भाजलेल्या शेंगा खात होत्या. पुढ्यातला टरफलांचा ढीग पदरात गोळा करत म्हणाल्या, “नाव काय बी ठेवा सायेब. पर ज्यांनी ज्यांनी मागवलंय त्यांना लिहून कळवा, सुया सुट्या करून उकळायच्या म्हणावं. न्हाईतर आळस करत्याल.”

डॉक्टरांनी खिशातून पेन काढून माझ्या हातात दिलं आणि तिथंच मला मजकूर सांगायला सुरुवात केली.