तेवढंच वजन

भावाला केमोसाठी घेऊन गेलो की माझा बराच वेळ वजनकाट्यासमोरच्या बाकावर जातो. काल एक काका काट्यापाशी आले आणि सवयीने चपला काढू लागले. "अहो, राहू द्या की पायात," त्यांची बायको मागून हळूच म्हणाली. सिस्टरने ते ऐकलंच. "काकू, चपलांचं वजन धरून औषध देऊ का? काढा काका."

एरवी वजन करताना माणसं खिशातला मोबाईलसुद्धा बाजूला ठेवतात. इथे कुणाला अंगावरची शाल सोडवत नाही. डॉक्टरांनी सगळ्यांना बजावलेलं असतं, ज्याचं वजन टिकतं त्याची टिकायची शक्यता जास्त. लहानपणी आई म्हणायची, "खाल्लेलं अंगी लागू दे." तेव्हा मला ते नुसतं जेवताना बोलायचं वाक्य वाटे. आता भावाला कशाचीच चव लागत नाही. वाटीभर मऊ भात त्याने संपवला की मीही मनातल्या मनात तेच म्हणतो.

काका काट्यावर उभे राहिले. सिस्टरने आकडा पाहिला. "मागच्या वेळेएवढंच आहे."

"तेवढंच?" काकूंनी विचारलं.

"तेवढंच."

घरोघरी वजन घटत नाही म्हणून कुरकुरीच्या सुरात ऐकू येणारा हा शब्द ऐकून काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी वाकून काट्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. तेव्हा माझं लक्ष गेलं, चपला त्यांनीही काढून ठेवल्या होत्या.