पडद्यापुढची मामी

झटकेमामांना हे नाव विजेच्या झटक्यांवरून पडलं की त्यांच्या स्वभावावरून, याबद्दल गल्लीत दोन मतं होती. मामांच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला आहे, हे मात्र सगळ्यांना मान्य होतं. पूर्वी ते टीव्ही दुरुस्त करत. भिंतीवर टांगायचे पातळ टीव्ही आले आणि तो धंदा बसला. मग त्यांच्याकडे उरली ती नाणं टाकून खेळायची जुनी गेमची यंत्रं. माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट, आणि आत मागे लांब मान असलेली जाड काचेची पिक्चर ट्यूब. ती यंत्रं दुरुस्त करणारं आसपास दुसरं कुणी राहिलं नव्हतं. हे मामा दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत.

या ट्यूबची एक खोड आहे. चित्र दिसतं पुढे, आणि ते जुळवायच्या कड्या असतात मागे, ट्यूबच्या मानेवर. पडद्यावर उभ्याआडव्या रेघांची जाळी लावायची आणि मागून कड्या फिरवत लाल आणि निळ्या रेघा हिरव्या रेघांवर नेऊन बसवायच्या. तिन्ही रंग नीट एकमेकांवर बसले की रेघ पांढरी दिसते. जरा चुकलं की रेघेला दोन्ही बाजूंनी रंगीत झालर लागते. मागे उभ्या असलेल्या माणसाला हे काहीच दिसत नाही, म्हणून बाकीचे कारागीर पडद्यासमोर आरसा ठेवायचे. मामांना आरसा चालत नसे. आरशात डावं-उजवं उलटं होतं, आणि आरसा बोलत नाही, असं ते म्हणायचे. त्यांच्याकडे मामी होत्या.

लग्न नवं होतं तेव्हाच मामांनी त्यांना पडद्यापुढे उभं केलं होतं. हातातलं काम टाकून मामी मागच्या घरातून दुकानात यायच्या, पडद्याला नाक लावल्यासारख्या उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, "लाल जरा वर घ्या. अजून. अहो, गेला पुढे, मागे घ्या. बस." त्या 'बस' म्हणाल्या की मामांचा हात जागच्या जागी थांबायचा. उभ्या संसारात मामांनी बायकोचं निमूटपणे ऐकलं, ते एवढ्या एकाच बाबतीत. मामींनाही ते पक्कं ठाऊक होतं. यंत्राच्या मालकाने कधी चित्राची तारीफ केली की त्या आत निघून जायच्या, पण चेहरा फुललेला असायचा.

मग गेमवाल्याने एक यंत्र परत आणलं. गेमवाला म्हणजे बसथांब्याच्या कोपऱ्यावरच्या जुन्या हॉलचा मालक. त्याच्याकडची यंत्रं हेच मामांचं बहुतेक सगळं काम होतं. तो म्हणाला, "मामा, रंग फाटलेत हो. गाडी पळते आणि तिच्यामागे तिचं लाल भूत पळतंय."

मामांनी यंत्र चालू करून पाहिलं. खरंच होतं. त्यांनी गेमवाल्यासमोरच मामींकडे वळून तोंडाचा पट्टा सोडला. "डोळे फुटलेत का तुझे? जन्मभर इथे उभी राहतेस आणि एवढं दिसत नाही?"

मामी पडद्याकडे सरकल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा लावा. बघते मी."

पुन्हा लावलं. ते यंत्र पुन्हा परत आलं, मग दुसरं आलं. आपल्या हाताचं चुकतंय हे मामांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं, तेव्हा त्यांनी दोष ट्यूबवर टाकला. ट्यूब जुन्या झाल्या, त्यांत दम राहिला नाही, असं ठरवून त्यांनी दोन ट्यूब बदलल्या. काढलेली ट्यूब टाकून देण्याआधी तिच्या मानेच्या टोकाची काच मोडून आत हवा सोडावी लागते, नाहीतर ती फुटून कुणाला तरी इजा व्हायची. मामांनी दोन्हींची टोकं पकडीने मोडली. फुस्स असा आवाज आला आणि त्या ट्यूब कायमच्या मेल्या. आता फळीवर जुन्या रजईत गुंडाळलेली एकच शिल्लक होती.

त्या वर्षभरात घरातही काहीबाही चाललं होतं. मामी रोजच्याच स्टुलाला अडखळायच्या. भाजीत मीठ दोनदा पडायचं. सुईत दोरा ओवायला त्या शेजारणीकडे जायच्या आणि मग तासभर तिकडेच रमायच्या. मामांकडे प्रत्येक गोष्टीला टोमणा तयार होता. लक्ष कुठे असतं तुझं, हा त्यांतला सगळ्यांत सौम्य.

एका सकाळी गेमवाला गाडीच्या शर्यतीचं यंत्र पुन्हा घेऊन आला. या वेळी तो हसला नाही. "मामा, ही शेवटची खेप. नाही जमलं तर मी यात पातळ पडदा बसवून टाकतो. सगळ्यांतच बसवतो," म्हणाला आणि गेला.

पातळ पडद्याला ना मान असते, ना कड्या. म्हणजे मामांचंही काम नाही. त्यांनी रजई सोडली. यंत्रातल्या जुन्या ट्यूबमध्ये साठून राहिलेली वीज काढायला वायर बांधलेला स्क्रूड्रायव्हर तिच्या रबरी टोपीखाली सरकवला, चट् असा आवाज झाला, मग ती उतरवून शेवटची ट्यूब चढवली. यंत्र चालू केलं आणि हाक मारली, "अगं, ये गं. आणि आज नीट बघ."

मामी भिंतीला हात लावत आल्या आणि जागेवर उभ्या राहिल्या. मामा कपाटाच्या मागे गेले.

"लाल?"

"जरा वर घ्या. अजून थोडा."

मामा कडी फिरवत होते. ती जुनी कडी करकरत होती. तेवढ्यात त्यांचं कोपर गेमच्या सर्किटकडून पडद्याला रंग पुरवणाऱ्या वायरांना लागलं आणि हिरवी वायर खाचेतून निसटून त्यांच्या डोळ्यांसमोर लोंबायला लागली. म्हणजे पडद्यावरचा हिरवा रंग गेला. "थांब, हिरवा निघाला," असं ते म्हणणार, तोच पुढून आवाज आला.

"आला, आला. बस! लाल हिरव्यावर बसला. आता हात लावू नका."

मामा हलले नाहीत. त्यांनी वायर बोटांत धरली आणि तिचं उघडं टोक नीट निरखलं. ते कशालाही टेकत नव्हतं.

"हिरवा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"छान आहे. स्वच्छ."

मामा वायर तशीच सोडून पुढे आले. पडद्यावर नुसती लाल आणि निळी जाळी होती, आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर अंतर. मामींचं तोंड पडद्यापासून वीतभर लांब होतं. डोळे सताड उघडे होते आणि ते जाळीवर नव्हते, खिडकीतून पडलेल्या उजेडाकडे वळलेले होते. त्यांनी कपाटाच्या मागच्या बाजूला आवाज दिला, "अहो, काय झालं? थांबलात का?"

मामा त्यांच्या शेजारीच उभे होते.

त्यांना एकदम सगळं कळलं. स्टूल, मीठ, शेजारीण, आणि टोकं मोडलेल्या त्या दोन चांगल्या ट्यूब. ते घाबरले. राग येईल याची त्यांनी क्षणभर वाट पाहिली, पण तो आला नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

आवाज इतक्या जवळून आल्यावर मामी दचकल्या. मग त्यांनी चाचपडत कपाटाची कड धरली. "सगळं गेलेलं नाही. उजेड कळतो. कडीचा आवाज येतो ना, तुम्ही किती फिरवता ते मला माहीत आहे. तेवढ्यावर सांगायची. कधी कधी जमायचंही."

"सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आरसा आणला असता," मामी म्हणाल्या.

त्या दिवशी यंत्र तसंच उघडं राहिलं. मामांनी दुकानाला कुलूप लावलं आणि मामींचा हात धरून रस्ता ओलांडला. भर दिवसा, सगळ्यांदेखत बायकोचा हात धरून चालायची त्यांना सवय नव्हती. पान-विडीच्या टपरीपाशी कुणीतरी खाकरलं. एरवी मामांनी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. आज ते खाली पायरी आहे का, एवढंच बघत होते.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी मामींचे डोळे बराच वेळ तपासले. मग विचारलं, "साखरेचा त्रास जुना आहे ना? दरवर्षी डोळे दाखवायला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं," मामी म्हणाल्या. "पण सकाळी दुकानात काम असायचं."

डॉक्टरीणबाईंनी मामांकडे वळून हळू आवाजात सांगितलं, की साखरेमुळे डोळ्यांच्या आत रक्तस्राव होत राहिला आहे. डाव्यात आता काही उरलेलं नाही. उजव्यात जो उजेड आहे तेवढा टिकवायचा प्रयत्न करता येईल. वर्षभर आधी दाखवलं असतं तर बरीच नजर वाचली असती.

"बदलता येत नाही का आतलं काही?" मामांनी विचारलं. आपण काय विचारतोय ते त्यांनाच तोंडातून गेल्यावर कळलं.

"नाही, काका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन उचललं. "कमी दिसायला नक्की कधी सुरुवात झाली?"

मामा काही बोलायच्या आत मामी म्हणाल्या, "यांनी मला एकदा विचारलं होतं. त्याच्या थोडे दिवस आधी. तेव्हाच मी हो म्हणायला हवं होतं."

डॉक्टरीणबाईंनी मामांकडे बघितलं. "म्हणजे तुमच्या लक्षात आलं होतं? काय विचारलं होतं तुम्ही?"

मामांना ते वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं. गेमवाल्याचा चेहराही आठवत होता. त्यांनी मान खाली घातली.

मामींनी अंदाजाने हात पुढे केला. तो टेबलाच्या कडेला लागला, तिथून सरकत मामांच्या गुडघ्यापर्यंत आला.

"तब्येतीचं विचारलं होतं हो," मामी डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "असंच, काळजीने."