आठ दिवसांचा पार्किन

बोईसरला एका कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये मी स्वयंपाकाला होते, तेव्हा यॉर्कशरहून आलेल्या एका इंजिनिअरच्या बायकोने मला पार्किन शिकवला. ओटचं पीठ, सुंठ, लोणी आणि ट्रीकल नावाचा काळा दाट पाक घालून तिकडे थंडीच्या तोंडावर घरोघर करतात तो केक. शेजारच्या लँकेशरमध्ये तो जास्त गोड करतात, म्हणून बाई नाक मुरडायची.

ट्रीकल इथे कुठून आणणार? मी काकवी आटवून घातली. ओट कमी पडले, तर निम्मं नाचणीचं पीठ. केक भट्टीतून निघाला तशी मी सुरी उचलली आणि बाईने माझा हात धरला. हा त्या दिवशी कापायचाच नाही म्हणे. कागदात गुंडाळून डब्यात बंद करायचा. ताजा असतो तेव्हा कोरडा, भुसभुशीत. आठ दिवसांनी मऊ होतो, बोटांना चिकटतो. आठव्या दिवशी तिने एक तुकडा खाल्ला. मग दुसरा मागितला. नाचणीबद्दल चकार शब्द नाही.

ती माणसं मायदेशी गेली, माझी नोकरीही गेली. मी स्टेशनजवळ बेकरी टाकली. कोणाची शिफारस नाही, कोणाचा हात नाही. मैद्याच्या गोणीपासून गाळ्याच्या भाड्यापर्यंत सगळं भांडून मिळवलं. हौसेने दुसरी भट्टी घेतली, पण तिला पुरेल एवढं काम येईना. ती विकायची वेळ आली होती, तेव्हाच आमच्या किनाऱ्यावरच्या माहीम गावाकडच्या एका रिसॉर्टने इंग्लिश चहासाठी केक मागवले. ऑर्डर दर आठवड्याची. मी पार्किनचा डबा घेऊन गेले.

मॅनेजरने झाकण उघडलं. "आजचा आहे ना, ताई?"

"नाही. आठ दिवसांचा."

"शिळा माल दाखवायला आणलात?"

माझं डोकं फिरलं. "तुमच्याकडे जेवणात सुके बोंबील असतात ना? ते काय आज सकाळी वाळवले?"

मागे वाढपी फिसकन हसला. मॅनेजर लाल झाला. "खा आधी," मी म्हटलं, "मग बोला."

त्याने खाल्ला. हात पुन्हा डब्यात गेला. गिऱ्हाइकाचा हात दुसऱ्यांदा गेला की काय करायचं ते मला कळतं. मी तिथल्या तिथे भाव वाढवून सांगितला आणि तो कबूलही झाला. मग म्हणाला, "फक्त कार्डावर 'आज सकाळी भाजलेला' असं लिहू. पाहुण्यांना ताजं लागतं."

"खोटं कशाला लिहायचं?"

"तुमचं काय जातं त्यात?"

मी आयुष्यात भाव सांगून खाली आले नव्हते. त्या दिवशी आले. म्हटलं, जुन्या भावात देते, त्याहूनही कमी घ्या, पण 'आठ दिवसांचा' लिहा.

"लोक हसतील, ताई."

"हसू देत. खाऊन हसू देत."

तो मान हलवत राहिला. मी डबा ओढला, त्याच्या बशीत उरलेला तुकडाही उचलून आत टाकला आणि निघाले.

भट्टी विकली. ती टेंपोत चढवताना मी बाहेर आले नाही. पुढे कानावर आलं की रिसॉर्टवाले स्वतःच पार्किन करतात, रोज ताजा, चवीवरून ओळखून माझ्यासारखीच नाचणी घालून. एके दिवशी त्या मॅनेजरचा फोन आला.

"ताई, तुमचा चिकट कसा व्हायचा? काय घालता?"

"काही नाही. आठ दिवस थांबते."

"सांगायचं नसेल तर राहू द्या!" त्याने फोन आपटला. खरं तेच सांगितलं होतं. त्याला वाटलं, मी मसाला लपवतेय.

चूक माझी नव्हती, हे मी आजही कोणालाही तोंडावर सांगेन. एका भट्टीत होतो तेवढाच पार्किन करते आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत किती दिवसांचा ते लिहिते. मुरबे गावची एक कोळीण मासळी विकून परतताना दुकानात येते. परवा ती डबा वाचून म्हणाली, "पाचच दिवस झालं? मंग नको, मी सोमवारी येते."

बाकी ज्यांना ताजंच हवं, त्यांच्यासाठी बरणीत आजची खारी आहे.